देवाजीनं सोडलेली जागा

देवा, तुझी शोकसभा वाईट झाली. तू असतास तर पहिल्याच भाषणात उठून गेला असतास, आणि तुझ्या मागोमाग मीही, कारण दोघांनाही बाहेर जाऊन चहा प्यायचा असता. तू नव्हतास म्हणून मला शेवटपर्यंत बसावं लागलं.

भंडाऱ्याच्या त्या सभागृहात तुझा हार घातलेला मोठा फोटो होता. खाली छापलं होतं, 'विदर्भाचे गिटारसम्राट डेव्ह'. सम्राट! भाड्याच्या खोलीत, नुसत्या बनियनवर, जळकी खिचडी खरवडून खाणारा सम्राट. आणि म्हणे डेव्ह. तुझ्या बापानं नाव ठेवलं देवाजी, गावानं त्याचं देवा केलं, आणि पुण्याला जाऊन तू त्याचा डेव्ह केलास. मी तुला जन्मात एकदाही डेव्ह म्हटलं नाही. मेलास म्हणून आता म्हणेन असं समजू नकोस.

एकानं सांगितलं की तू लहानपणी सायकलच्या ब्रेकची तार लाकडाला बांधून पहिले सूर काढलेस. लोक हळहळले, दोनचार जणांनी टाळ्याही वाजवल्या. शोकसभेत टाळ्या! ब्रेकच्या तारेतून सूर काढून दाखवा म्हणावं एकदा. तुझ्या तारा नागपूरहून यायच्या, आणि एक तुटली की दुसरी येईपर्यंत तू घरादारावर खेकसत फिरायचास. दुसरा म्हणाला, नागझिऱ्याच्या जंगलात वाघाच्या डरकाळ्या ऐकत तुझं संगीत घडलं. आपलं गाव मोहाडीकडचं, चहूकडं धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं. तू पाहिलेला वाघ म्हणजे साकोलीला एका हॉटेलच्या भिंतीवर रंगवलेला, तोही तोंडाला मिशा आणि अंग मांजराचं असलेला. पण ह्या थापेचा दोष त्या बिचाऱ्याला देत नाही. ती थाप मूळची तुझीच. पुण्याच्या कुठल्याशा पेपरवाल्याला तू मारली होतीस आणि मला फोन करून हसत सांगितलंही होतंस.

अध्यक्ष कोण होता, विचार. आपल्या गावच्या तलावाची पार, म्हणजे मातीचा बांध, फोडून आत ज्यानं धान लावलं, तो. हातात कागद घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "त्यांचं 'काहून बे काहून, तलाव कोण गेला खाऊन' हे पर्यावरणावरचं गाणं मला फार आवडायचं." देवा, त्याला खरंच कळलेलं नाही! इतकी वर्षं झाली, सारा तालुका ते गाणं म्हणताना त्याच्याकडं बघून हसतो, आणि तो आपला मान डोलावतो. तुझ्या गाण्यात किती दम होता ते त्या क्षणी मला समजलं. ज्याच्यासाठी लिहिलं त्याच्या कातडीला ओरखडासुद्धा नाही.

मग माझं नाव पुकारलं. "त्यांचे बालमित्र, एसटीचे निवृत्त वाहक शंकरराव दोन मिनिटं बोलतील." मी उभा राहिलो. "मले काही बोलाचं नाही," एवढं म्हटलं आणि बसलो. मंदानं, माझ्या बायकोनं, कोपरानं ढोसलं. पण त्या गर्दीत, त्या अध्यक्षासमोर, मी तुझ्याबद्दल काय बोलणार होतो? तुझ्याबद्दल बोलायचं ते तुझ्याशीच बोलतो.

तुला त्यांनी 'जिल्ह्यातला पहिला गिटारवाला' म्हटलं, तेवढं खरं आहे. तो पहिला दिवस बघायला त्यांच्यातलं कोणी नव्हतं. मी होतो, आणि लुगडं नेसून होतो.

मंडई म्हटलं की पुण्याच्या लोकांना भाजी आठवते. आपली मंडई म्हणजे दिवाळीनंतर गावोगावी भरणारी जत्रा. पाहुणे, जिलबी, बांगड्यांची दुकानं, सोयरिकीच्या गोष्टी, आणि दुपार झाली की दंडार, ढोलकी-झांजेवरचा नाचगाण्याचा खेळ. दंडारीत बायांची कामं पुरुषांनीच करायची. मी करायचो. लुगडं, घुंगरू, खोटा अंबाडा. माझ्यासारखी बाई अख्ख्या तालुक्यात दुसरी नव्हती, आणि हे मी लाजून सांगत नाही.

तू तेव्हा नागपूरला रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कामाला होतास. एका ऑर्केस्ट्रावाल्यानं वाजवणं सोडलं आणि त्याची लाल गिटार तुझ्या गळ्यात आली. ती घेऊन तू थेट मंडईत आलास, माईकसेटवाल्याच्या हातापाया पडलास आणि दंडार ऐन रंगात असताना तिची वायर भोंग्याच्या मशीनला जोडलीस. आरामशीनला सागाचा ओंडका लागावा तसा आवाज झाला. एक बैल दावं तोडून पळाला. जिलबीवाल्याचा झारा कढईत पडला. ढोलकीवाला थांबला, झांजवाला थांबला. म्हातारे काठ्या घेऊन उठले, "बंद कर बे ते! कोणाचा जीव घेतं काय?"

मी मध्यभागी उभा होतो. एक हात कमरेवर, एक पाय उचललेला. उचललेला पाय तसाच खाली ठेवणं मला कधी जमलं नाही. मी तो तुझ्या आवाजावर ठेवला. मग दुसरा ठेवला. त्या आरामशीनच्या आवाजावर एक बाई ठसक्यात नाचते आहे म्हटल्यावर म्हातारेसुद्धा काठ्या टेकून बघत राहिले. पळालेली पोरं परत आली. तुला ह्यातलं काही दिसलं नाही. तू आपल्याच बोटांकडं बघत होतास.

त्या संध्याकाळपासून आपलं भांडण सुरू झालं.

"पाह्यलं ना बे, लोक कसे थांबले गिटारीसाठी?" तू म्हणालास.

"गिटारीसाठी पळाले. थांबले माह्या पायासाठी."

"तुह्या पायात काय आहे? ते तर ते वर्षानुवर्षं पाहूनच राहिले."

"अन तुह्या गिटारीत काय होतं? बैल पळवाले तर फटाकाही चालते."

हे भांडण तू मरेपर्यंत चाललं, आणि मरून तू ते अर्धवट टाकलंस. भांडण अर्धवट टाकून निघून जाणं ही तुझी जुनीच खोड.

एका गोष्टीसाठी मात्र तुझे उपकार मानायला हवेत. मला नुकतीच कंडक्टरची नोकरी लागली होती, साकोलीच्या मंदाशी सोयरीक जुळली होती, आणि कोणीतरी तिच्या बापाला जाऊन सांगितलं की पोरगा बाई होऊन नाचतो. सोयरीक तुटली. मी ताप आल्यासारखा घरात पडून होतो. मला न सांगता तू साकोलीला गेलास. तिथं काय झालं ते मला मंदानं लग्नानंतर सांगितलं. ती दाराआड उभी होती. तू तिच्या बापासमोर, त्यानं बस न म्हणताच, खाटेवर बसलास आणि म्हणालास, "मी गिटार वाजवतो. अख्ख्या जिल्ह्यात मीच वाजवतो. पण शंकऱ्या नाचते म्हणून ते गाणं होते. तो नाई नाचला तर माही गिटार म्हणजे नुसता आवाज. अशा माणसाले पोरगी देऊन नाई राहिले तर तुमची मर्जी, पण डोकं तपासून घ्या."

असं तू सासऱ्याला म्हणालास. माझ्या तोंडावर कधी नाही. मी विचारलं तर साफ नाकारलंस. "मी असं काहीच म्हणलो नव्हतो. तुह्या बायकोले कमी ऐकू येते." मंदाला आजही भिंतीपलीकडची पाल ऐकू येते.

पुढे तू बँड काढलास. नाव दिलंस 'तुडतुडा'. उभ्या धानाला लागून शेतंच्या शेतं जाळणारी कीड. गावात लोक कपाळावर हात मारून घेत. मीही म्हटलं होतं, "कोणी पोराचं नाव खोडकिडा ठेवते काय बे?" तू म्हणालास, "तुडतुडा लागला की कास्तकार झोपत नाई. माह्यं गाणं ऐकून कोणी झोपू नये." हे वाक्य बरं होतं. तुझी बरी वाक्यं मोजकीच होती, म्हणून लक्षात आहेत.

तोवर आपल्याकडं जे कोणी असलं संगीत करायचे ते इंग्रजीत, तोंड वाकडं करून करायचे. त्यांना स्वतःलाही शब्द कळत नसत. तू पहिल्यांदा त्या गरजणाऱ्या गिटारीवर आपली बोली ठेवलीस. "काहून बे काहून, तलाव कोण गेला खाऊन? पार होती, पाणी होतं, गेलं कुठं वाहून?" मोहाडीच्या बाजारात तू ते पहिल्यांदा म्हटलंस तेव्हा भाजी विकणाऱ्या बाया हातातली तराजू खाली ठेवून ऐकत होत्या. 'काहून' हा आपल्याकडचा 'का' स्पीकरमधून एवढ्या मोठ्यानं येऊ शकतो हेच कोणाला माहीत नव्हतं. तो शब्द आम्ही भंडाऱ्याच्या ऑफिसात गेलो की गिळायचो. हे काम तुझं. हे नाकारायला गेलो तर माझीच जीभ अडखळते.

पण गाण्याची चाल दंडारीची होती, देवा. आपल्या गावच्या दंडारीची. हे तू कोणालाही सांगितलं नाहीस. पुण्याच्या लोकांनी विचारलं की तू डोळे मिटून म्हणायचास, "ती आतून आली." आतून! माझ्या पायातून काढून तुझ्या आतून आली.

पुण्याचं लिहू की नको, असं मनात होतं. लिहितो. ते राहिलं तर बाकीचं सगळं खोटं होईल.

तुझा आगारात फोन आला. "शंकऱ्या, मोठा कार्यक्रम आहे. तू ये. लुगडं घेऊन ये." मी सुटी टाकली. मंदानं लुगड्याला नव्यानं काठ लावले. गाडीत रात्रभर ते पिशवीत मांडीवर ठेवून मी पुण्याला पोचलो. तिथं एक बाई होत्या, मोठं कुंकू, जाडंभरडं हातमागाचं लुगडं, गळ्यात शेरभर चांदी. त्यांनी वही उघडून विचारलं, "तुम्ही कोणत्या जमातीचे?" मी म्हटलं, "मी एसटीचा." मला भंडारा आगार म्हणायचं होतं. त्यांनी ते भक्तिभावानं लिहून घेतलं आणि माझे दोन्ही हात हातात धरले. तू बाजूला उभा राहून खोकत होतास. तिथवर मजाच होती.

मग स्टेज. भरलेलं थिएटर. तू माईकवर गेलास आणि त्या तुझ्या नव्या, गुळगुळीत, पुण्यात शिकलेल्या आवाजात म्हणालास, "हा माझा लहानपणीचा मित्र. आमच्याकडे पुरुष असे बाई होऊन नाचतात. प्लीज, हसू नका हं."

आले तेव्हा कोणाच्या मनातही हसायचं नव्हतं. हसू नका म्हटल्यावर हसले. आधी मागच्या रांगेतून, मग सगळीकडून. आणि तूही हसलास. नुसतं तोंडानं. तू घाबरला होतास, मला दिसत होतं. आपण ह्याच गावचे आहोत, ह्याच लुगड्याच्या शेजारी उभं राहून मोठे झालो, हे त्या लोकांना कळेल म्हणून घाबरला होतास. म्हणून तू त्यांच्या आधीच त्यांच्या बाजूला जाऊन उभा राहिलास.

गाणं सुरू केलंस ते दुप्पट वेगानं. दंडारीच्या पायाला त्या वेगात जागाच नाही, हे तुला ठाऊक होतं. मी थोडा वेळ नाचलो. मग थांबलो. कमरेवर हात ठेवून तुझ्याकडं बघत उभा राहिलो, की हा आता लयीवर येईल, मग येईल. तू बोटांकडं बघत होतास. मी घुंगरू वाजवत चालत आत गेलो. लोकांना वाटलं तो नाचाचाच भाग आहे. टाळ्या पडल्या.

नंतर कपडे बदलायच्या खोलीत आलास.

"अबे, ते कौतुकानं हसले."

"तू कायले हसला?"

"मी कुठं हसलो?"

"देवा, तू हसला."

"तुले इकडच्या लोकायचं काही समजत नाई शंकऱ्या. तू गावातच राह्यला."

मी लुगड्याची घडी घातली आणि स्टेशनवर गेलो. त्यानंतर कित्येक वर्षं आपण बोललो नाही. मी पुन्हा लुगडं नेसलो नाही. लोक म्हणत, वय झालं. वय वगैरे काही झालं नव्हतं.

तुझं नाव होत राहिलं. पोस्टर, मुलाखती, लांब केस, काळा चष्मा. इकडं सुशीलावहिनी, तुझी बायको, दर पावसाळ्यात चिखलात वाकून धान रोवत होत्या, पुढे कापत होत्या, तुझ्या म्हाताऱ्या आईला न्हाऊ घालत होत्या. तू त्यांना कधी पुण्याला नेलं नाहीस. एका मुलाखतीत तुला विचारलं होतं, कुटुंब? तू म्हणालास, "माझं कुटुंब म्हणजे माझी गिटार." वहिनींच्या भाच्यानं त्यांना ते वाचून दाखवलं. त्या तांदूळ निवडत होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "अन स्वयंपाक कोण करते मग? गिटार?"

पुढे काळ बदलला. तुझ्या बँडमधली पोरं एकेक करून सिनेमावाल्यांकडं गेली. तू कोणाकडं गेला नाहीस, कारण सगळ्यांना तू आधीच शिव्या घालून ठेवल्या होत्यास. केस गेले, चष्मा राहिला, आणि तू भंडाऱ्यात येऊन बसस्टँडमागं खोली घेतलीस. गिटारचे क्लास सुरू केलेस. गावात राहायला गेला नाहीस, कारण तिथं तुला देवा म्हणणारे होते.

एक दिवस माझ्या मोहाडीच्या गाडीत चढलास, पाठीवर गिटार. आपण एकमेकांकडं बघितलं. मी पंच वाजवला. "तिकीट."

"अबे, मी आहो."

"मले दिसून राहिलं. कुठं जाचं?"

"कलावंताले काही सवलत असते का नाई?"

"असते. आमदाराले असते, म्हाताऱ्याले असते. तू दोनीपैकी काहीच नाईस."

तू तिकीट काढलंस आणि माझ्या शेजारी येऊन बसलास.  उतरताना म्हणालास, "मंदाले सांग, मी आलो म्हणून." तेवढ्यावर आपलं पुन्हा सुरू झालं. पुण्याचा विषय तू काढला नाहीस. मी काढला की तू तंबाखू चोळायला लागायचास.

आणि मग मागच्या दिवाळीनंतरची मंडई. ती तुझी शेवटची होती, हे तुला माहीत होतं का? मला नव्हतं.

दंडार आता नावापुरती उरली आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर डीजे होता. त्याच्यासमोर पोट्टे मोबाईल वर धरून नाचत होते. एकमेकांकडं बघत नव्हते, मोबाईलकडं बघत होते. तू गिटार घेऊन आलास. मंडळाच्या पोरांनी मोठ्या मनानं तुला दुपारचा थोडा वेळ दिला, डीजेवाला जेवायला जाईल तेवढा. ज्या मातीत तू पहिल्यांदा आवाज काढलास तिथं तुला जेवणाच्या सुटीत वाजवायला मिळालं. आणि तू हो म्हणालास. पूर्वीचा देवा असता तर ट्रॉली पेटवून दिली असती.

माझ्याजवळ आलास. "शंकऱ्या, नाचशील का?"

"माह्या सासऱ्याले काय म्हणलता ते एकदा माह्या तोंडावर म्हण."

"मी काहीच म्हणलो नव्हतो."

"मग मी नाचत नाई."

"मर लेका," म्हणालास आणि वर गेलास.

'काहून बे' सुरू केलंस. त्या जुन्या, खऱ्या, दंडारीच्या चालीवर.  सुरुवात बरी झाली, मग मध्येच तू थांबलास. चार मात्रा काहीच नाही. मग पुन्हा सुरू. पुढच्या वळणाला पुन्हा थांबलास. लोक एकमेकांकडं बघायला लागले. "म्हातारा विसरून राहिला," माझ्या मागचा पोरगा म्हणाला आणि जिलबीकडं निघाला. त्याच्यामागं आणखी काही गेले.

तू विसरत नव्हतास. त्या जागा माझ्या होत्या. गिरकी घेऊन पाय ठेवायचा तिथं, घुंगरू एकटेच वाजायचे तिथं. तू प्रत्येक फेरीत, न चुकता, नेमक्या त्या जागी हात उचलत होतास आणि जागा रिकामी सोडत होतास. बोटांकडं बघत नव्हतास. माझ्याकडं बघत होतास.

मी उठलो नाही, देवा. त्याचं मला वाईटही वाटत नाही. उठलो असतो तर तू ती जागा माझ्या पायानं भरून घेतली असतीस, खाली उतरून म्हणाला असतास, "पाह्यलं, गिटारीनं कसा नाचवला!" मी बसून राहिलो म्हणून त्या जागा तशाच उघड्या राहिल्या, आणि तिथं काय नाही ते सगळ्या मंडईनं ऐकलं. कळलं फक्त आपल्या दोघांना. मंदाला धरून तिघांना, कारण ती पदरानं डोळे पुसत होती आणि मला शिव्या देत होती.

खाली उतरलास तेव्हा मी विचारलं, "काय बे, मधामधात काहून थांबत होता?"

"बोट दुखते."

"कोणतं?"

"तुले काय कराचं आहे? डॉक्टर आहे काय तू?"

खोटारडा. जन्मभर खोटारडा. वाघाच्या थापा मारताना डोळ्यांत डोळे घालून मारायचास, आणि एवढं एक खरं केलंस तर त्याच्यावरही थाप मारलीस. आपण जिलबी खाल्ली. डीजेवाला जेवून आला.

मग आषाढ लागला आणि एका सकाळी तुझ्या घरमालकाचा फोन आला. त्याबद्दल काही लिहीत नाही. तिथं तू नव्हतासच, तुझं नुसतं अंग होतं.

तेरवी गावात झाली. शोकसभेवाली मंडळी दोन गाड्या घेऊन आली. शोकसभेत त्यांनी जाहीर केलं होतं की तुझी गिटार भंडाऱ्यात काचेच्या पेटीत ठेवणार, ती न्यायला आले होते. तो अध्यक्षही होता. पंगतीत सगळ्यात आधी बसला आणि भात दोनदा मागून घेतला. जेवण झाल्यावर अंगणात खुर्च्या मांडल्या. वहिनींनी आतून गिटार आणून दिली. झोपलेलं लेकरू देतात तशी नाही, दुसऱ्याची परत करायची घागर देतात तशी.

एक चष्मेवाला पोरगा फोन काढून म्हणाला, "काकू, पेटीखाली पाटी लावायची आहे. त्यावर काय लिहावं असं तुम्हाला वाटतं? तुमच्या शब्दांत."

वहिनी पत्रावळी गोळा करत होत्या. उभ्या राहिल्या. विचार केला. म्हणाल्या, "लिवा, रोवण्याच्या वक्ती कधी घरी नव्हता."

सगळे हसले. अध्यक्ष तर मांडीवर थाप मारून हसला. पोरगा म्हणाला, "नाही काकू, खरंच सांगा ना."

"खरंच सांगून राहिली," वहिनी म्हणाल्या. "नाव लिवा देवाजी. अन खाली हे लिवा."

मग कोणी हसलं नाही. पोरानं फोन खिशात ठेवला. ते तुझी गिटार गाडीच्या मागच्या सीटवर आडवी टाकून, तिला पट्टा लावून, निघून गेले. पाटीवर ते काय लिहितील ते तुलाही माहीत आहे, मलाही.

धूळ खाली बसल्यावर वहिनी माझ्याजवळ आल्या. "भाऊजी, ह्या गडबडीत माह्यं रोवणं राहून गेलं. परहे वाढून राहिले. उद्या माणसं कमी आहेत. येता का?"

परहे म्हणजे धानाची रोपं. वेळ टळली की ती उंच होतात आणि कामाची राहत नाहीत. त्यांना तेरवी कळत नाही. मी म्हटलं, "वहिनी, मी जन्मभर गाडीत उभा राहिलो. चिखलात वाकाले जमते का ते पाहा लागन."

"जमते. नाई जमलं तर परह्याच्या पेंढ्या फेका."

मी गेलो. पेंढ्याच फेकल्या, कंबर दुपारीच बसली. बाया मला हसल्या. त्यात पुण्याचं हसणं नव्हतं. आज दुसरा दिवस होता. मोठी बांधी पूर्ण झाली, तलावाकडची एक उरली. आत्ता नखातला चिखल काढून हे लिहायला बसलो आहे.

देवा, बाया दोन्ही दिवस गात होत्या. रोवण्याची गाणी, सासूची गाणी, मोबाईलवरची सिनेमाची गाणी. तुझं गाणं एकीनंही म्हटलं नाही. मी बांधावर पेंढ्या घेऊन उभा राहून वाट बघत होतो, एवढं तुला सांगायला हरकत नाही.